‘हळूहळू’ म्हणणारा लॉर्ड आणि त्याच्या खांबाखालची पाटी

एडिंबऱ्याला भाचीकडे गेले होते तेव्हा रोज फिरायला जायच्या वाटेवर सेंट अँड्र्यू स्क्वेअर लागायचा. छोटीशी बाग आहे, बाजूने ट्राम जाते, ऊन पडलं की ऑफिसातली मंडळी गवतावर बसून डबे खातात, आणि मधोमध एक दगडी खांब, जवळपास १५० फूट उंच, त्याच्या टोकावर एक माणूस उभा. इतका उंचावर की खालून त्याचा चेहराच दिसत नाही. पहिले दोन दिवस मी त्याच्याकडे बघितलंही नाही, आपल्याकडे कुठल्याशा चौकातल्या साहेबाच्या पुतळ्याकडे बघत नाही तसंच. तिसऱ्या दिवशी खालची पाटी वाचली आणि तिथेच थांबले.

पाटीवर जे लिहिलंय त्याचा मतितार्थ असा, की हा वर उभा असलेला हेन्री डंडास, पहिला व्हायकाउंट मेलव्हिल, याने अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार बंद होणं लांबवलं, आणि त्या उशिरामुळे पाच लाखांहून जास्त आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून समुद्रापार नेली गेली. ही पाटी २०२१ मध्ये लागली, २०२३ मध्ये डंडास घराण्याशी संबंधित मंडळींनी परवानगी मिळवून ती काढली, २०२४ मध्ये महापालिकेने परत बसवली. एक पाटी, तीन वर्षं भांडण. तिकडे मोठमोठे इतिहासकार यावरून एकमेकांवर तुटून पडलेत. एक बाजू म्हणते हा माणूस पाच लाख लोकांचा गुन्हेगार, दुसरी म्हणते तो तर बिचारा व्यवहारी सुधारक होता, त्याच्यामुळेच पार्लमेंटात पहिल्यांदा ठराव पास झाला.

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. पाटी हवी. शिवाय मला वाटतं या सगळ्या वादात खरा मुद्दा डंडासच्या एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे. ‘हळूहळू’.

आधी माणूस कोण ते बघू. १७४२ चा जन्म, एडिंबऱ्याजवळच्या आर्निस्टनच्या डंडास घराण्यात, बाप न्यायाधीश, आजोबा न्यायाधीश, सगळं खानदानच कोर्टकचेरीतलं. चोविसाव्या वर्षी, म्हणजे १७६६ ला, हा स्कॉटलंडचा सॉलिसिटर जनरल. १७७४ ला खासदार, १७७५ ला लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा सरकारी वकील. पुढे लंडनमध्ये पंतप्रधान विल्यम पिट (धाकटा) याचा उजवा हात, गृहमंत्री, युद्धमंत्री, आणि हिंदुस्थानचा कारभार ज्या बोर्ड ऑफ कंट्रोलकडे होता त्याचा अध्यक्ष. स्कॉटलंडमध्ये त्याला ‘बिनमुकुटाचा राजा’ म्हणायचे. अख्ख्या स्कॉटलंडातून ४५ खासदार निवडून जायचे आणि मतदार किती, तर मोजके काही हजार. कोणाच्या मुलाला नेव्हीत चिकटवायचं, कोणाच्या पुतण्याला कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला पाठवायचं, हे सगळं डंडासच्या हातात, त्यामुळे त्या ४५ पैकी बहुतेक त्याच्या खिशात. हे गणित महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगायची गरज नाही, साखर कारखाना आणि जिल्हा बँक ज्याच्या ताब्यात तालुका त्याचा, तेच ते.

आता त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जोसेफ नाईट नावाचा एक आफ्रिकन मुलगा जमैकात विकला गेला होता, त्याला विकत घेणारा जॉन वेडरबर्न, स्कॉटिशच. या वेडरबर्नच्या बापाला राजाविरुद्धच्या १७४५-४६ च्या बंडात सामील झाला म्हणून फाशी झालेली, मुलगा जीव वाचवून जमैकाला पळाला, तिकडे उसाच्या मळ्यांवर श्रीमंत झाला आणि १७६९ ला जोसेफला घेऊन स्कॉटलंडला परत आला. तिथे जोसेफ लिहायला वाचायला शिकला, आणि १७७२ मध्ये पेपरात त्याने लंडनच्या सॉमरसेट खटल्याची बातमी वाचली, की इंग्लंडमध्ये आलेल्या गुलामाला जबरदस्तीने परत बाहेर पाठवता येत नाही. त्याच घरातल्या ॲनी थॉमसन नावाच्या नोकर मुलीशी त्याचं लग्न झालं, त्याला पगार हवा होता, घर हवं होतं, मालकाने नकार दिला, हा निघून जायला लागला तर अटक. स्थानिक मॅजिस्ट्रेट मालकाच्या बाजूचे. जोसेफ वरच्या कोर्टात गेला. पर्थच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाने, १७७४ ला त्याच्या बाजूने निकाल दिला, मालक आणखी वर गेला, आणि शेवटी १७७८ साली एडिंबऱ्याच्या कोर्ट ऑफ सेशनने सांगितलं की स्कॉटलंडचा कायदा गुलामगिरी ओळखत नाही. माणूस मोकळा.

या खटल्यात जोसेफ नाईटच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत एक होता हेन्री डंडास. लॉर्ड ॲडव्होकेट असताना. एका गुलाम माणसासाठी.

डंडासची बाजू घेणारे हा दाखला नेहमी देतात, बघा तो गुलामगिरीच्या विरोधात होता म्हणून. मी मात्र ही गोष्ट उलट वाचते. ज्याला माहितीच नव्हतं, ज्याने कधी विचारच केला नव्हता अशा माणसाला ‘त्या काळाचा माणूस’ म्हणून थोडं माफ करता येतं. पण ज्याने भर कोर्टात उभं राहून सांगितलंय की माणूस कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, त्याला तो काळ आडवा येत नाही. डंडासला कळत होतं. एका माणसाच्या बाबतीत त्याला हे पूर्ण कळलेलं होतं, आणि चौदा वर्षांनी जेव्हा लाखो माणसांचा प्रश्न आला तेव्हा तेच कळणं त्याने बाजूला ठेवलं.

१७९१ ला विल्यम विल्बरफोर्स या खासदाराने गुलामांचा व्यापार बंद करायचा प्रस्ताव आणला तो ८८ विरुद्ध १६३ ने पडला. मग पुढचं वर्षभर जे झालं ते वाचून अंगावर काटा येतो. लोकांनी घरातली साखर बंद केली, वेस्ट इंडीजची साखर म्हणजे गुलामांच्या रक्ताची साखर म्हणून, बायकांनी स्वयंपाकघरातून केलेलं आंदोलन ते, मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांनी. ५१९ अर्ज पार्लमेंटात आले, गावोगावचे. एवढं सगळं घेऊन २ एप्रिल १७९२ ला विल्बरफोर्स परत उभा राहिला आणि चर्चा रात्रभर चालली. आणि त्या रात्री गृहमंत्री डंडास उठून म्हणाला की मलाही हा व्यापार बंद व्हायला हवाय, फक्त एक छोटी दुरुस्ती, ठरावात ‘हळूहळू’ हा शब्द घाला. पिट, म्हणजे त्याचा स्वतःचा जिगरी दोस्त आणि पंतप्रधान, या शब्दाच्या विरोधात बोलला, पहाटेपर्यंत बोलला. विरोधी पक्षाचा नेता फॉक्स, जो एरवी पिटचं तोंड बघायचा नाही, तोही विरोधात बोलला. तरी दुरुस्ती १९३ विरुद्ध १२५ ने पास झाली, मग दुरुस्त ठराव २३० विरुद्ध ८५. सभागृहाला समाधान, अर्जदारांना काहीतरी मिळालं, मळेवाल्यांचं आज काहीच बिघडलं नाही.

आता बचाव काय आहे तो प्रामाणिकपणे मांडते, कारण तो अगदीच फालतू नाही. ते म्हणतात आदल्या वर्षी ७५ मतांनी प्रस्ताव पडला होता, ‘हळूहळू’ घातलं नसतं तर या वर्षीही पडला असता. ‘हळूहळू’ घातलं म्हणून निदान हाउस ऑफ कॉमन्सने पहिल्यांदा मान्य केलं की हा व्यापार संपायला हवा. डंडासने नुसता शब्द घालून सोडला नाही, त्याने तारीखही दिली, १ जानेवारी १८००, आणि सभागृहाने ती अलीकडे ओढून १ जानेवारी १७९६ केली. नंतर हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे वरच्या सभागृहाने, आम्ही आमचे साक्षीपुरावे वेगळे घेणार म्हणून ते घोळात टाकलं, तो काही डंडासचा एकट्याचा दोष नाही. १७९३ ला फ्रान्सशी युद्ध लागलं, तेही त्याच्या हातात नव्हतं. मळेवाल्यांची लॉबी, राजा, लॉर्ड्स, सगळेच आडवे होते. हे सगळं खरं आहे. पाटीवर शेवटी जे म्हटलंय, की ही पाच लाख माणसं डंडासच्या कृतीमुळे गुलाम झाली, ते वाक्य मलाही पटत नाही. एवढं मोठं पाप एका माणसाच्या डोक्यावर ठेवलं की बाकीचे सगळे अलगद सुटतात, ते लॉर्ड्स, ते लिव्हरपूलचे जहाजवाले, ते ग्लासगोचे साखरवाले.

पण इथेच थांबून चालत नाही. ‘हळूहळू’ म्हणणारा माणूस खरा होता की नव्हता हे त्याच्या १७९२ च्या भाषणावरून ठरणार नाही, १७९२ नंतर तो काय करत होता यावरून ठरेल. ज्याला खरंच टप्प्याटप्प्याने बंद करायचं असतं तो पहिला टप्पा तरी गाठतो. डंडासने काय केलं? १७९३ ला सां दोमिंग, म्हणजे आजचं हैती, तेव्हाची फ्रेंच वसाहत, तिथे गुलामांनी स्वतः उठाव करून साखळ्या तोडल्या होत्या, फ्रेंच कमिशनरने त्याच वर्षी गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं होतं. आणि ब्रिटिश फौजा तिथे उतरल्या त्या मळेवाल्यांशी करार करून, त्यांची गुलामगिरी शाबूत ठेवायच्या बोलीवर. पाच वर्षं चाललं ते, हजारो ब्रिटिश सैनिक पिवळ्या तापाने मेले, १७९८ ला माघार. या काळातला आधी गृहमंत्री आणि १७९४ पासून युद्धमंत्री डंडास. सैनिक कमी पडायला लागले तेव्हा ब्रिटिश सैन्याने वेस्ट इंडियन पलटणींसाठी चक्क गुलाम विकत घ्यायला सुरुवात केली, १७९५ पासून व्यापार बंद होईपर्यंत सुमारे १३ हजार. म्हणजे जो व्यापार हळूहळू संपवायचा होता त्यातलं सरकारच एक मोठं गिऱ्हाईक झालं, आणि हे सुरू झालं ते याच्याच खात्यात.

आणि मग १७९६. बघा, सभागृहाने स्वतः ठरवलेली तारीख होती १ जानेवारी १७९६. ती येऊन गेली, काही झालं नाही. विल्बरफोर्सने पुन्हा बिल आणलं. डंडासने विरोध केला, कारण युद्ध चालू आहे, आत्ता नको. मार्चमध्ये तिसऱ्या वाचनाला ते बिल पडलं, ७० विरुद्ध ७४. चार मतांनी. विल्बरफोर्सने खंत लिहून ठेवलीय की आपले जेवढे लोक ऑपेरा बघायला गेले होते तेवढे आले असते तरी जिंकलो असतो. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. लॉर्ड्समध्ये काय झालं असतं कोणास ठाऊक, पण निदान इथे तरी ‘मतंच नव्हती’ हा बचाव चालत नाही, मतं होती, चार कमी होती, आणि ज्या माणसाच्या एका शब्दावर स्कॉटलंडचे बहुतेक खासदार हात वर करायचे तो माणूस विरोधात उभा होता. १७९२ मध्ये व्यवहार म्हणून ‘हळूहळू’ म्हणालास, ठीक, पण १७९६ मध्ये तुझ्याच सभागृहाने दिलेल्या तारखेला तू काय म्हणालास? म्हणून मला १७९२ पेक्षा १७९६ चा डंडास जास्त दोषी वाटतो आणि तिकडच्या वादात सगळे १७९२ वरच भांडत बसतात याचं फार वाईट वाटतं. व्यापार शेवटी बंद झाला १८०७ ला. पाटीवरचा पाच लाखांचा आकडा आणि १७९२ ते १८०७ ही पंधरा वर्षं धरून साधा भागाकार केला तरी वर्षाला तीस हजारांवर माणसं जातात. प्रत्येक वर्षाला.

‘हळूहळू’ हा शब्द नेहमीच खोटा असतो असं मी म्हणत नाहीये. त्याच १७९२ मध्ये डेन्मार्कच्या राजाने फर्मान काढलं की आमच्या लोकांचा गुलामांचा व्यापार १८०३ पासून बंद. तेही हळूहळूच, मधल्या दहा वर्षांत त्यांनीही माणसं नेलीच, त्यांना चांगलं म्हणायचं कारण नाही, पण तारीख लिहिली आणि ती पाळली. एक ‘हळूहळू’ रस्ता चालायला लागतं, दुसरं रस्त्यावर दगड टाकून बसतं, आणि दोन्ही शब्द ऐकायला सारखेच. आणि कुठलंही असो, त्या मधल्या काळाची किंमत तो शब्द उच्चारणारा देत नाही. जहाजाच्या तळाशी जो साखळीने बांधलेला आहे त्याला कोणी विचारलेलं नसतं की बाबा रे तुला आणखी आठ वर्षं चालतील का.

हे मला एवढं लागतं कारण हे आपल्याला नवीन नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला होता. कागदावर तळं खुलं. प्रत्यक्षात कोणी पाणी भरू शकत नव्हतं, ठराव तसाच पडून, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसोबत जाऊन ओंजळभर पाणी प्यायलं तेव्हा माणसांची डोकी फुटली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. मग कोर्ट, हायकोर्टाचा निकाल १९३७ ला. म्हणजे ठरावापासून तेरा वर्षं. त्या तेरा वर्षांत ‘समाज अजून तयार नाही, हळूहळू होईल’ हे किती सुशिक्षित, सज्जन, मनाने वाईट नसलेल्या लोकांनी म्हटलं असेल! माझ्या स्वतःच्या घरात मी हे वाक्य ऐकत मोठी झालेय, जातीबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल, विधवांच्या हळदीकुंकवाबद्दल, आणि म्हणणारी माणसं प्रेमळ होती. जोतीरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तिकडची गुलामगिरी आणि इकडची एकाच ओळीत ठेवून. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते लंडनच्या गृहमंत्र्याला दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं.

डंडासचा आपल्याशी सरळ संबंधही आहे, तोही अशाच एका शब्दाचा. १७८२ साली, पहिलं इंग्रज–मराठा युद्ध सालबाईच्या तहाने संपत होतं त्याच सुमारास, याच डंडासने कॉमन्समध्ये ठराव आणले होते की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे या राष्ट्राच्या इच्छेला आणि इभ्रतीला धरून नाही. तेच शब्द १७८४ च्या इंडिया ॲक्टमध्ये आले. आणि पुढे हा स्वतः बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष असताना १७९८ ला वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला, दुसऱ्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. वसईचा तह होईपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबर १८०२, डंडास त्या खुर्चीवरून गेला होता, तेव्हा पेशवाईचं खापर त्याच्यावर फोडणार नाही. पण कायद्यात ‘जिंकणं इभ्रतीला धरून नाही’ आणि मैदानात फौजा, हे त्याच्या काळात सुरू झालं. तो हिंदुस्थानात कधी आलाही नव्हता.

आणि जेव्हा त्याला घाई करायची असायची तेव्हा तो घाई करू शकत होता हेही सांगायला हवं. १७९३ मध्ये थॉमस म्यूर नावाचा तरुण वकील स्कॉटलंडमध्ये सामान्य माणसाला मत द्यायचा अधिकार मागत होता. त्याला राजद्रोहाच्या खटल्यात चौदा वर्षं काळं पाणी, थेट ऑस्ट्रेलियाला. त्या वेळचा लॉर्ड ॲडव्होकेट होता डंडासचा पुतण्या. ऑगस्टमध्ये खटला, ऑगस्टमध्येच शिक्षा. तिथे कोणी म्हणालं नाही की हळूहळू करू. म्यूर आणि त्याच्या साथीदारांचं स्मारक जुन्या कॅल्टन दफनभूमीत आहे, १८४४ चं, सेंट अँड्र्यू स्क्वेअरपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, काळपट उंच सुळका, मी गेले तेव्हा तिथे एकटीच होते.

शेवटी डंडासला खाली आणलं ते पैशाने. तो नेव्हीचा खजिनदार असताना त्याच्या हाताखालच्या माणसाने सरकारी पैसा स्वतःच्या खाजगी खात्यावर फिरवला, १८०५ ला कॉमन्समध्ये मतदान झालं ते बरोब्बर २१६–२१६, स्पीकरने आपलं मत त्याच्या विरोधात टाकलं, महाभियोग झाला, १८०६ ला लॉर्ड्सनी निर्दोष सोडला. ब्रिटनमधला तो शेवटचा महाभियोग. पैशाचा हिशेब दोन वर्षं झाला, माणसांचा हिशेब कोणी मागितला नाही. १८११ ला तो गेला, आणि दहाएक वर्षांत नेव्हीच्या लोकांच्या वर्गणीतून तो खांब उभा राहिला.

टोरँटोला माझी मैत्रीण राहते, तिकडेही डंडास स्ट्रीट आहे, हा बाबा तिथेही कधी गेला नव्हता. तिथे रस्त्याचं नाव बदलायचं ठरलं, मग खर्च फार म्हणून रस्ता तसाच ठेवला आणि फक्त चौकाचं आणि स्टेशनांचं नाव बदलायचं ठरवलं. मला नाव पुसण्यात फार रस नाही खरं तर. नाव पुसलं की पुढच्या पिढीला प्रश्नच पडत नाही. खांब राहू दे, तो माणूसही वर राहू दे, पण खाली सगळं लिहा. पाच लाखांचं खापर एकट्यावर फोडणारं ते शेवटचं वाक्य बदला, त्याच्या जागी लॉर्ड्सचं नाव घाला, मळेवाल्यांचं घाला. १७९६ चं मतदान आकड्यांसकट लिहा, ७० आणि ७४. आणि जोसेफ नाईटचं नाव लिहा, जे आज तिथे नाही, त्याचं आणि ॲनीचं, आणि त्याच्या वकिलांत कोण होता तेही.